पिवळा रंग फिका पडला, म्हणून निरोधक सापडला?

जांभळाच्या बिया किंवा मेथीचा अर्क मधुमेहावर चालेल का, हे पाहायचं तर बहुतेक प्रयोगशाळा आधी अल्फा-ग्लुकोसायडेजची चाचणी लावतात. हे एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरावर माल्टोज, सुक्रोज फोडून ग्लुकोज मोकळं करतं. ते रोखलं की जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. मधुमेहावरच्या अकार्बोज या औषधाचं काम हेच.

चाचणीत साखरेऐवजी पीएनपीजी, म्हणजे ग्लुकोजला नायट्रोफिनॉल जोडलेला रेणू, देतात. त्यातलं ग्लुकोज तुटलं की उरलेलं नायट्रोफिनॉल पिवळं दिसतं; पिवळा रंग जितका फिका, तितका रोध जास्त. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ६.८) १०० मायक्रोलिटर, अर्क १० आणि एन्झाइम २० घालून ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवायचं. मग ५ मिलिमोलर पीएनपीजी २०, आणि वीस मिनिटांनी ०.२ मोलर सोडियम कार्बोनेट १००. वाचन ४०५ नॅनोमीटरला.

कार्बोनेट पडताच रंग एकदम गडद होतो, त्याने दचकू नये. ६.८ पीएचला निम्म्याहून कमी नायट्रोफिनॉल पिवळ्या रूपात असतं. अल्कलीत सगळंच पिवळं होतं आणि एन्झाइमही थांबतं. पीएनपीजी ज्या क्रमाने, ज्या लयीत घातलं, त्याच लयीत कार्बोनेट घालायचं. नाहीतर शेवटच्या रांगेला जादा मिनिटं मिळतात. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर खळग्यात डीएमएसओ १ टक्क्याच्या आत हवा, आणि बिनअर्काच्या खळग्यातही तेवढाच.

खरी फसगत अर्काच्या रंगात असते. टॅनिन अल्कलीत तपकिरी पडतं आणि ४०५ ला प्रकाश शोषतं, त्यामुळे चांगला निरोधकही दुबळा दिसतो. म्हणून अर्काच्या प्रत्येक मात्रेसाठी एन्झाइम वगळलेला एक खळगा ठेवून त्याचं वाचन वजा करावं. सगळ्यांसाठी एकच सामाईक ब्लँक (वजावटीचा खळगा) पुरत नाही.

उलटी फसगतही होते. काही रेणू एकत्र गोळा होऊन एन्झाइमला नुसते चिकटतात. बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून चाचणी पुन्हा लावावी. रोध नाहीसा झाला तर तो बहुधा असल्या गुठळ्यांचाच होता.

आणि ‘आमचा अर्क अकार्बोजपेक्षा सरस’ असं वाचलं की एन्झाइम कुठलं ते आधी बघावं. बाजारात सहज मिळतं ते यीस्टचं, आणि त्यावर अकार्बोज मुळातच फार कमी चालतं. तुलना करायचीच तर उंदराच्या आतड्यातलं एन्झाइम घ्यावं, माल्टोज द्यावं आणि सुटलेलं ग्लुकोज ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजच्या, ग्लुकोजनुसार रंग देणाऱ्या किटने मोजावं. इथेही एक खळगा वेगळा ठेवायचा: माहीत असलेलं ग्लुकोज, अधिक अर्क. कारण पॉलिफिनॉलं किटचा रंगच उमटू देत नाहीत, आणि अर्कानं काहीही न रोखता ‘रोध’ दिसतो.