किल्ली फिरवण्याआधीचे एक मिनिट

घाट चढून आलेली टर्बो गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू, राहू द्यायची, हे पुण्यात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. कोणी शोरूममध्ये डिलिव्हरी घेताना ऐकले, कोणी गॅरेजमध्ये टर्बोचे बिल हातात पडल्यावर. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या, अर्थात एक्झॉस्टच्या, झोतावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र. नियम एकच आहे, पण कारण विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात. त्यातले सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर निम्मेच बरोबर आहे. म्हणून नियम मनापासून पाळणारेही तो पुष्कळदा नको तिथे पाळतात आणि हवा तिथे विसरतात.

टर्बोचे पेटंट १९०५ सालचे, एका स्विस अभियंत्याचे. त्यानंतर कित्येक दशके तो जहाजांत, रेल्वेच्या डिझेल इंजिनांत, विमानांत आणि अवजड यंत्रांतच राहिला. तिथे इंजिन सांभाळायला वेगळा माणूस असतो. आधी लोड उतरवायचा, काही मिनिटे इंजिन रिकामे चालवायचे आणि मगच बंद करायचे, हा त्याच्या कामाचाच भाग. मोठ्या डिझेल इंजिनांच्या माहितीपुस्तिकांत तीन ते पाच मिनिटांचा आकडा आजही दिसतो. पुण्यात भारनियमनाच्या दिवसांत सोसायट्यांचे आणि कारखान्यांचे जनरेटर ज्यांनी चालवले, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. वीज आली की चेंजओव्हरचा स्विच फिरवून लोड विजेवर घ्यायचा, जनरेटर थोडा वेळ रिकामा चालू द्यायचा, मग बंद. नव्या पॅनेलमध्ये हा वेळ आपोआप मोजला जातो.

टर्बो घरगुती मोटारीत आला आणि अडचण सुरू झाली. १९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो असलेल्या पेट्रोल मोटारी विकायला आल्या, पण त्या फार चालल्या नाहीत. १९७० च्या दशकात युरोपातल्या कारखान्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि त्या दशकाच्या शेवटी डिझेल मोटारीलाही टर्बो बसला. आता किल्ली ऑपरेटरच्या हातात नव्हती. महामार्गावरून भरधाव आलेला माणूस पंपावर थांबायचा, किल्ली फिरवायचा आणि चहा प्यायला जायचा. त्या काळात निकामी झालेले टर्बो उघडल्यावर शाफ्टच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगपाशी आणि ऑइलच्या बारीक नळीत काळा, दगडासारखा थर सापडे.

थराचे कारण साधे आहे. जोरात चाललेल्या पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट नऊशे अंश सेल्सियसच्या वर जातो, डिझेलचा सातशेच्या आसपास. टर्बाइनचे, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या बाजूचे, चाक त्या झोतात फिरते आणि त्याच शाफ्टवर, बोटभर अंतरावर, ऑइलच्या पातळ थरावर तरंगणारे बेअरिंग असते. इंजिन चालू आहे तोवर वाहते ऑइल ती उष्णता घेऊन जाते. किल्ली फिरली की पंप थांबतो. मग टर्बाइनच्या जाड ओतीव घरात साठलेली उष्णता शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकते आणि तिथे अडकलेले ऑइल जळते. कढईच्या कडेला राहिलेले तेल पुन्हा पुन्हा तापून काळे, चिवट होते, तसेच इथे होते. एका वेळेने काही बिघडत नाही. शंभर वेळा झाले की नळी चोंदते, बेअरिंगला ऑइल कमी पडते, शाफ्टला प्ले (ढिलेपणा) येतो, टर्बो शिट्टी मारू लागतो आणि शेवटी ऑइल फेकतो.

१९८० च्या दशकात यावर खरा उपाय निघाला. बेअरिंगच्या घराभोवती कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे रेडिएटरचे पाणी, फिरवण्यात आला. इंजिन बंद झाल्यावरही गरम कूलंट वर चढतो, गार खाली येतो आणि पंपाशिवाय थोडा वेळ प्रवाह चालू राहतो. सोबत उष्णता सोसणारी सिंथेटिक ऑइल आली. जपानमध्ये तर किल्ली काढल्यावरही इंजिन ठरावीक वेळ चालू ठेवणारे टर्बो टायमर विकले जाऊ लागले.

पुण्यापर्यंत हे सगळे आले ते ट्रकमधून. १९९० च्या दशकात प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि ट्रकच्या मॉडेल क्रमांकापुढे 'टीसी' (टर्बोचार्ज्ड) ही अक्षरे दिसू लागली. तेव्हाच्या अनुभवी चालकांना एक जुनी सवय होती: बंद करण्याआधी एकदा जोरात रेस द्यायची आणि रेस उतरायच्या आत इंजिन बंद करायचे. साध्या इंजिनात ती खपून गेली. टर्बोच्या गाडीत मात्र ती घातक होती, कारण रेस दिल्यावर टर्बो वेग धरतो आणि नेमक्या त्याच क्षणी ऑइलचा दाब जातो. 'टर्बो कोरडा फिरतो' हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारले, त्याच्यासमोर बहुधा असेच एखादे इंजिन होते.

तेच वाक्य पुढे सगळ्या टर्बो गाड्यांना लागू झाले आणि गोंधळ तिथून सुरू होतो. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरतो, बंद केल्यावरही फिरत राहतो, म्हणून त्याचा वेग उतरू द्यायचा, असे आजही समजावून सांगतात. पण लाखाचा आकडा पूर्ण लोडवरचा आहे. पार्किंगमध्ये गाडी वळवून लावेपर्यंत इंजिन स्लोवर आलेले असते, टर्बोचा वेग पार उतरलेला असतो आणि किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंदांत थांबतो. वेगासाठी मिनिटभर थांबायची गरजच नाही. ते मिनिट आहे धातूत साठलेल्या उष्णतेसाठी.

'गाडी गार करणे' हा शब्दही तितकाच फसवा आहे. गार काय करायचे? बहुतेक जण टेम्परेचरच्या काट्याकडे पाहतात. तो कूलंटचे तापमान दाखवतो, आणि घाटाआधी, घाटात, घाटानंतर बहुधा मधल्याच रेघेवर असतो. टर्बाइनचे घर लालबुंद असले तरी त्या काट्याला पत्ता नसतो. काही जण बॉनेट उघडून ठेवतात, काही दहा-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतात. दहा मिनिटांची काही गरज नाही. स्लोवरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट तुलनेने बराच गार असतो आणि तोच टर्बाइनच्या चाकावरून वाहून आतली उष्णता ओढून घेतो. पहिल्या मिनिटातच बराचसा फरक पडतो. म्हणून मोटारींच्या पुस्तिकांत अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतचेच आकडे दिसतात.

शिवाय हे काम उभ्या गाडीतच व्हायला हवे असे नाही. जुन्या रस्त्याने बोरघाट चढून लोणावळ्यात चिक्की घ्यायला थांबणाऱ्याने खंडाळ्यापासूनचा सपाट रस्ता गर्दीतून रखडत पार केलेला असतो. त्याचा टर्बो दुकानापर्यंत येतानाच निवलेला असतो. याउलट दिवे घाट चढून माथ्यावर लगेच मस्तानी तलाव बघायला उतरणाऱ्याचा किंवा जुन्या कात्रज घाटात बोगद्यापाशी गाडी कडेला घेणाऱ्याचा टर्बो अगदी भरात असतो. माझ्या मते शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवणे हा पार्किंगमधल्या मिनिटापेक्षा चांगला उपाय आहे. नियम सांगताना हा भाग वगळला गेला, कारण 'एक मिनिट' सांगायला सोपे जाते.

मोटारींत हा नियम घरोघरी पोचला तो २००५ नंतर. त्या वर्षी पुण्यासह अकरा शहरांत भारत स्टेज ३ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, कॉमन रेल (जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या) डिझेल गाड्या वाढल्या, आणि थोड्याच वर्षांत रांजणगावात १.३ लिटरचे छोटे टर्बो डिझेल इंजिन बनू लागले. घराघरांत पहिली टर्बो गाडी आली ती याच काळात. नेमकी तेव्हाच दुसरी शिकवण जोरात होती: सिग्नलला इंजिन बंद करा, इंधन वाचवा. दोन्ही सूचना एकाच माणसाला मिळत होत्या. शहरातल्या सिग्नलवर त्यांच्यात खरे भांडण नाही. लक्ष्मी रस्त्यावर तिसरा गिअरही न पडलेल्या गाडीचा टर्बो तापलेलाच नसतो. ती खुशाल बंद करावी. मिनिटभराच्या स्लोला लहान इंजिन साधारण दहा-पंधरा मिलिलिटर इंधन घेते. घाटमाथ्यावर ते सत्कारणी लागते, रोज ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाया जाते. पुढे कारखान्यांनीच टर्बो गाड्यांत सिग्नलला आपोआप बंद होणारी यंत्रणा बसवली. ऑइल सुधारले होते, कूलंट फिरत होता, आणि इंजिन बरेच तापले असेल तर ही यंत्रणा ते बंद करत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ आले आणि चित्र पुन्हा बदलले. बहुतेक छोटी डिझेल इंजिने बाजारातून गेली, रांजणगावचे ते इंजिनही थांबले. त्यांच्या जागी एक लिटरच्या आसपासची टर्बो पेट्रोल इंजिने आली, आणि त्यांचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा गरम असतो. काहींत बंद झाल्यावरही टर्बोभोवती कूलंट फिरवणारा विजेचा पंप आहे. उरलेल्या डिझेल गाड्यांत काजळी साठवणारा फिल्टर आला. तो अधूनमधून स्वतःच साठलेली काजळी जाळतो, आणि ते चालू असताना सपाट रस्त्यावरून सावकाश आलेल्या गाडीचाही एक्झॉस्ट तापलेला असू शकतो. गाडी बंद केल्यावर पंखा घोंघावत राहिला तर पुष्कळदा कारण हेच असते.

म्हणून आताच्या पुस्तिकांत सरसकट मिनिटाऐवजी, लांबचा वेगवान प्रवास, ओढलेले वजन किंवा मोठा चढ यानंतरच थांबा, अशी सूचना आढळते. पुण्याजवळ ती सर्वांत चपखल लागते सिंहगडाला. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सगळा चढ चढायचा, वेग कमी असल्याने बॉनेटखाली वाराही लागत नाही, आणि जिथे चढ संपतो तिथेच वाहनतळ येतो.