रेघेला खोली कशी आली

कागदावर खोका काढायला नऊ रेघा पुरतात. बघणाऱ्याला तो लगेच कळतो, संगणकाला मात्र कळत नाही. त्याच्या लेखी त्या नऊ सपाट रेघाच, कारण कोणती रेघ किती आत गेली आहे हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. हाताने काढलेल्या चित्रातून त्रिमितीय वस्तू घडवणाऱ्या साधनांचा साठ वर्षांचा इतिहास म्हणजे ही हरवलेली खोली शोधण्याचे प्रयत्न.

सुरुवात १९६३ ची. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी टीएक्स-२ संगणकावर 'स्केचपॅड' तयार केलं. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढायची आणि बटण दाबून सांगायचं, 'ही त्या रेघेला समांतर कर'. त्याच वर्षी टिमथी जॉन्सन यांनी 'स्केचपॅड ३'मध्ये वरून, समोरून, बाजूने आणि यथार्थदर्शनातून (डोळ्याला दिसतं तसं) अशी चार दृश्यं एकत्र दाखवली. नावात 'स्केच' असलं तरी हे मुक्तहस्त चित्र नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. हाताची थरथर, चाचपडणं, पुन्हा गिरवणं यांतलं काहीच उरत नसे. उरायची ती नेमकी रेघ. पुढची तीसेक वर्षं कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याचं तंत्र, बहुतांशी याच नेमकेपणाच्या वाटेने गेलं.

हाताकडे पुन्हा लक्ष गेलं ते नव्वदच्या दशकात. १९९६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या झेलेझ्निक, हर्नडन आणि ह्यूज यांच्या 'स्केच'मध्ये खुणांची भाषा होती: एका कोपऱ्यात मिळणाऱ्या तीन रेघा ओढल्या की ठोकळा तयार. तीन वर्षांनी टोकियोत ताकेओ इगाराशी आणि सहकाऱ्यांनी 'टेडी' आणलं. नुसती बाह्यरेषा काढायची, की आकार फुग्यासारखा भरतो. रुंद भाग जास्त फुगतो, अरुंद कमी. खोलीबद्दल काहीही न विचारता ती अंदाजाने ठरवायची, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. मात्र तिच्यातून गुबगुबीत अस्वल निघतं, मोटारीचं बॉनेट नाही.

ती उणीव टोरांटो विद्यापीठाच्या 'आयलव्हस्केच'ने २००८ मध्ये भरून काढायला घेतली. सोक-ह्युंग बे, रविन बालकृष्णन आणि करण सिंह यांनी व्यावसायिक डिझायनर हात कसा चालवतात तेच धरून चालायचं ठरवलं. डिझायनर एकच वळण चार-पाच वेळा गिरवतो. इथे त्या सगळ्या रेघांतून एक सफाईदार वक्र निघे. तोच वक्र दुसऱ्या कोनातून पुन्हा काढला, की दोन्ही दृश्यं जुळवून त्याची खोली मिळे. वक्र नीट ओढता येईल असा कोन नसेल, तर दृश्य आपोआप फिरे.

२०१६ मध्ये आभासी वास्तवात (व्हीआर) रेखाटण्याचं 'टिल्ट ब्रश' हे साधन आलं आणि पडदाच नाहीसा झाला. डोळ्यांवर हेडसेट, हातात कंट्रोलर, आणि रेघ थेट हवेत. लंडनचं 'ग्रॅव्हिटी स्केच' हेच तंत्र वाहनं आणि पादत्राणांच्या डिझाइनपर्यंत घेऊन गेलं. खोलीचा प्रश्न सुटला, पण हाताखालचा कागद गेला. टोरांटो विद्यापीठ आणि ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आभासी वास्तवातल्या रेखाटनाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा रेघ चुकण्यामागे हाताला टेकायला पृष्ठभाग नसणं हे मोठं कारण निघालं. 'टिल्ट ब्रश'मध्ये मात्र ठोकळा, गोल असे आधार हवेत ठेवता येतात आणि ब्रश त्यांच्या पृष्ठभागाला धरून चालतो.