घाणेरीचे तीन रंग

रावेरहून पालकडे निघालं की केळीचे मळे मागे पडतात आणि सातपुड्याचा चढ लागतो. तिथून घाणेरीची जाळी दिसू लागते. कुणी तिला टणटणी म्हणतं. पान चुरगळलं की उग्र वास बोटांना चिकटून राहतो, त्यावरून घाणेरी. नाव ठेवणाऱ्याने फूल नीट पाहिलं असतं तर नाव वेगळं पडलं असतं, असं मला दर वेळी वाटतं.

रुपयाच्या नाण्याएवढा गुच्छ. मधली फुलं पिवळी, त्याबाहेर केशरी, कडेला गुलाबी. फुलं कडेकडून आत उमलत जातात, म्हणजे कडेचं फूल सर्वांत जुनं. ब्राझीलमध्ये राहणारे जर्मन निसर्ग-अभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी तिथल्या घाणेरीबद्दल १८७७ मध्ये लिहून ठेवलं होतं: फूल पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी केशरी, तिसऱ्या दिवशी जांभळं. फुलपाखरं त्या जांभळ्या फुलांना शिवत नव्हती. मध असतो तो ताज्या पिवळ्या फुलात. रंग बदललेली फुलं तरीही लगेच गळत नाहीत. गुच्छ मोठा आणि लांबून उठून दिसतो तो त्यांच्यामुळेच.

ह्या रूपावर माणूसही भुलला. घाणेरी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. तिथल्या काचघरांत बागवानांनी तिचे संकर करून नवनवे रंग काढले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘लँटाना कॅमारा’ हे शास्त्रीय नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली. पुढे कुंपणासाठीही लोकांनी ती लावली: काटेरी, चिवट, गुरं तोंड लावत नाहीत. बागेबाहेर तिला पाखरांनी नेलं. पिकलेली काळी फळं बुलबुल खातात आणि बी दूर जाऊन पडतं.

पुढचं सांगताना जीव तुटतो. जाळीखाली गवत धरत नाही, त्यामुळे चराई जाते. चाऱ्याअभावी गुरांनी पाला खाल्लाच तर यकृत बिघडतं आणि उन्हाने कातडी सोलवटते. वणव्यात ती जळते, पण बुंध्यातून पुन्हा फुटते. देशातल्या वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तिने व्यापल्याचं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं. १९४१ मध्ये तिच्या पाल्याचा रस शोषणारा किडा भारतात मुद्दाम आणला गेला. त्यानेही ती आटोक्यात आली नाही.

वरवर छाटून उपयोग नसतो. चार फांद्यांच्या जागी दहा येतात. जमिनीखाली तीन-चार बोटं खणून मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं मातीला टेकत नाहीत. पुढचे काही पावसाळे पाखरांच्या बसायच्या झाडांखाली फिरून रोपं उपटावी लागतात.

गेल्या भाद्रपदात आम्ही बांधावरची जाळी अशीच उलटवली. मधले गुच्छ दबले, कडेचे मोकळे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर फुलपाखरं बसत होती. पिवळ्या फुलांवरच.