पार्श्वभूमी : ‘रिडेम्प्शन’, म्हणजे सोडवणूक, पण कशातून?

मराठवाड्यात गहाण पडलेलं रान ‘सोडवून घेतात’. दिवाणी दाव्याच्या इंग्रजी कागदात त्याच गोष्टीला ‘रिडेम्प्शन’ म्हणतात, आणि चर्चच्या इंग्रजी प्रार्थनेत हाच शब्द पापातून सुटण्यासाठी येतो. कोर्टाने तो धर्माकडून उचलला असं सहज वाटतं. मूळ लॅटिन अर्थ मात्र रोकडा आहे: परत विकत घेणं. बायबलच्या जुन्या करारात, लेवीयच्या 25 व्या अध्यायात, गरिबीमुळे जमीन विकावी लागलेल्या माणसाच्या जवळच्या नातलगाने ती सोडवावी असा नियम आहे. आधी जमीन सुटली, आत्मा नंतर.

इंग्लंडमध्ये ठरल्या दिवशी पैसे न भरणाऱ्याची गहाण जमीन कायमची जाई. तिथल्या चॅन्सरी कोर्टाने सतराव्या शतकापर्यंत, उशिरा का होईना पैसे आणणाऱ्याला ती परत मिळवण्याचा हक्क पक्का केला. या कोर्टाचे जुने प्रमुख बहुतेक पाद्री असत आणि ते निवाडा सदसद्विवेकाने करत. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 60 मध्ये तोच हक्क आपल्याकडे आला.

निजामी अमलात कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. गहाण म्हणजे रहन, गहाण टाकणारा राहिन, ठेवून घेणारा मुर्तहिन आणि सोडवणूक म्हणजे फक्क-उर-रहन. यातल्या ‘फक्क’चा अर्थ गाठ सोडणं, कुराणात गुलामाची मान सोडवण्याच्या पुण्यकर्मालाही हाच शब्द आहे. म्हणजे इंग्रजी इथे येण्याआधीच कोर्ट आणि धर्म एका शब्दात बसलेले होते. आणि उदगीरहून जवळच असलेल्या बीदरच्या दरबारात विठू महाराने दामाजीपंतांसाठी रक्कम भरून पावती घेतली, ही कथा तर आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. देवाने पैसे भरून माणूस सोडवला, तोही पावतीसकट.

बायबल मराठीत आणणाऱ्यांनी ‘तारण’ आणि ‘खंडणी’ हे दोन शब्द घेतले. तारण बँकेतही चालतं, चर्चमध्येही. खंडणीचं मात्र अवघड झालं. जुन्या मराठीत ती राजाला भरायची रक्कम. आज ती पेपरात गुन्ह्याच्या बातमीत असते. ख्रिस्ताने जीव खंडणी म्हणून दिला, हे वाक्य बीडमधल्या आजच्या वाचकाच्या कानाला कसं लागत असेल, सांगायला नको.

या सगळ्यापेक्षा मराठवाड्याला जास्त भोवली ती याच मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली 1929 ची एक दुरुस्ती. मुदतखरेदीत, म्हणजे ‘पैसे दिले की जमीन परत’ अशा शर्तीच्या खरेदीत, ती शर्त खरेदीखतातच लिहिलेली असेल तरच व्यवहार गहाण मानायचा, असं तिने ठरवलं. त्यामागचं कारण तसं चुकीचं नव्हतं: भाव वाढले की खरी विक्री केलेलाही ‘ते गहाणच होतं’ म्हणत दावा लावी. पण सावकाराला त्यातून वाट मिळाली. त्याने कागद दोन केले. निबंधक कार्यालयात नोंदवलेलं साफ खरेदीखत एक, आणि घरी बसून बाँडवर लिहिलेली ‘परत फिरवून देतो’ ही कबुली दुसरी. पुष्कळदा तीही नाही, नुसती तोंडी बोली. गहाण सोडवायला 1963 च्या मुदत कायद्याने 30 वर्षं दिली आहेत. दोन कागद झाले की दावा गहाणाचा राहतच नाही, करारपूर्तीचा होतो आणि मुदत 3 वर्षांवर येते. शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र रान गहाणच असतं. ‘विकलं’ असं तो म्हणत नाही, ‘लिहून दिलं’ म्हणतो. कायदा हा फरक ऐकत नाही, आणि माझ्या मते चूक तिथेच आहे.

उपाय आले, पण वेगळ्या दारांनी. ताबेगहाणात, म्हणजे रानाचा ताबा पैसे देणाऱ्याकडे असलेल्या गहाणात, निव्वळ 30 वर्षं उलटली म्हणून सोडवण्याचा हक्क बुडत नाही, असा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. त्याच वर्षीच्या राज्याच्या सावकारी कायद्याने अवैध सावकाराने 15 वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा अधिकाऱ्याला दिला. तिथे रिडेम्प्शनचा दावा लावावा लागत नाही. खरेदीखत म्हणजे खरं तर सावकारीच होती, एवढं दाखवावं लागतं. ते दाखवणंच कठीण. बँकेचं कर्ज फिटलं की तलाठ्याकडे अर्ज जातो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’तला बोजा उतरतो. सावकाराचं नाव त्या रकान्यात नसतंच, ते थेट मालकाच्या जागी असतं.