जरीपटक्यातल्या नागरिकत्वाची पार्श्वभूमी

बाहेरून आलेल्यांचे नागपूरला कधी वावडे नव्हते. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि माणसे येतच राहिली. १९५६ पर्यंत हे हिंदी-मराठी प्रांताच्या राजधानीचे शहर, त्यामुळे दुकानातली हिंदी इथे कुणाला खटकत नाही. परप्रांतीयांवरचा मुंबईतला राग इथे फारसा रुजला नाही; इथला रोष पश्चिम महाराष्ट्रावर.

फाळणीनंतर जरीपटका, खामला भागांत सिंधी कुटुंबे वसली. त्यांना शहराने केव्हाच आपले मानले. गुंता आहे तो पुढच्या दशकांत सिंधमधून आलेल्यांचा. ही कुटुंबे नातेवाइकांकडे आली, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. शेजाऱ्यांच्या लेखी ती नागपूरकर, सरकारी कागदावर परदेशी.

नागरिकत्वात धर्माचा निकष २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने (सीएए) आला, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे. पाकिस्तान, बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा बिगरमुस्लिम समुदायांना पासपोर्टच्या नियमांतून सूट २०१५ मध्येच मिळाली होती. अफगाणिस्तानची भर नंतर पडली. डिसेंबर २०१६ मध्ये १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या समुदायांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत नागपूर होते. तेव्हा शहरात मोर्चे निघाले नाहीत. सुमारे १२ वर्षांच्या वास्तव्याची अट मात्र कायम होती. २०१९ च्या कायद्याने ती सुमारे ६ वर्षांवर आणली आणि धर्माचा निकष थेट कायद्यात लिहिला. तिथून भांडण पेटले. त्या डिसेंबरात नागपुरात समर्थनाचे आणि विरोधाचे, दोन्ही मोर्चे निघाले. विरोधकांचा समानतेचा मुद्दा वजनदारच होता. पण वर्षानुवर्षे व्हिसाच्या नूतनीकरणासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या कुटुंबांचे हाल दोन्ही बाजूंच्या घोषणांत बुडाले, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

या कायद्याचे नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले गेले. तरी धास्ती घरोघरी पोहोचलीच.

सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने पासपोर्टच्या सवलतीची तारीख ३१ डिसेंबर २०२४ वर नेली आणि नवा गोंधळ झाला. ती सवलत केवळ राहण्यापुरती आहे. नागरिकत्वाच्या जवळच्या वाटेची तारीख २०१४ चीच. त्यानंतर आलेल्यांना जुनाच लांबचा रस्ता धरावा लागतो; आणि आईवडील दोघेही परदेशी असतील, तर नागपुरात जन्मलेले त्यांचे मूलही जन्माने भारतीय ठरत नाही.