सहा टाके मोजणारा लोखंडाचा तुकडा

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत तो मेसेज फिरला, जुन्या काळ्या सिंगर मशीनमध्ये लाल पारा असतो, लाखो रुपये मिळतात. बेळगावच्या शहापुरात जुन्या पायमशीनी काही कमी नाहीत, त्यामुळं दोन दिवस लोक मशीनखाली टॉर्च मारून बघत होते. हीच अफवा २००९ साली सौदी अरेबियात उठली होती, तिथं तर सुईजवळ मोबाईल धरला आणि लाईन कट झाली की पारा आहे असं मानून लोकांनी वाट्टेल त्या किमतीला मशीनी घेतल्या. पाऱ्याचं लाल रूप म्हणजे हिंगूळ, पारा आणि गंधकाचं संयुग, त्याचं शिलाई मशीनमध्ये काही कामच नाही. आत असतं ते बीड म्हणजे ओतीव लोखंड, पोलाद आणि तेल, उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा. असल्या मेसेजपायी चांगल्या चालत्या मशीनी लोक खोलून टाकतात ह्याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्या गडबडीत आक्कानं मशीनचा ड्रॉवर रिकामा केला आणि एक गंजका पत्र्याचा डबा माझ्यापुढं ठेवला. "ह्यात कामाचं काय असलं तर बघ, नाहीतर भंगारवाल्याला घालते."

आत सात-आठ तुकडे, मशीनला जोडून वेगवेगळी शिलाई करायचे. असा डबा तुमच्याही घरात असेल तर आधी उंची मोजा, आकार नंतर. मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली टाका आणि सुईखालच्या नीडल प्लेटपासून फूट बसवायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. शँक म्हणजे फूट बसवायचा दांडा, साधारण पाऊण इंच भरलं तर लो शँक, सव्वा इंच भरलं तर हाय शँक. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या सरळ टाक्याच्या मशीनी, सिंगर असो की उषा, लो शँक, कारण त्या सिंगरच्या १५ नंबरच्या घाटणीच्या. सिंगरच्याच ३०१ आणि ४०१ मॉडेलचा दांडा तिरका असतो, त्यांचं सामान ह्यांना बसत नाही. मग तुकडा उलटा करून भिंगातून बघा. सिमान्को असं कोरलेलं असलं तर ते सिंगरचंच, सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं आखूड रूप, आणि शेजारी पार्ट नंबर. आक्काच्या डब्यात २५५२७ निघाला, म्हणजे शिवण सरळ ठेवायचा गाईड. नंबर पुसला असेल तर आकारावरून चालतं. पुढं गोगलगायीसारखी गुंडाळी असली तर हेमर, कापडाची कड त्यातून जाताना आपोआप दुमडते. कर्ण्यासारखं तोंड असलं तर बाइंडर, पायपिंगची पट्टी लावायचा.

आणि ज्याला वर दोन बोटांसारखा चिमटा असलेला हात आहे, तो रफलर, कापडाला चुण्या पाडत शिवणारा. आमच्याकडं टेलर ह्याला फ्रीलचा फूट म्हणतात. खरं तर हा सगळा लेख त्याच्यासाठीच.

हा चिमटा सुई आवळायच्या स्क्रूवर बसतो, म्हणजे सुई वर गेली की हात वर, सुई खाली की हात खाली. हात मधल्या एका खिळीवर फिरतो, त्यामुळं त्याचं वरखाली होणं खालच्या पात्याच्या मागंपुढं सरकण्यात बदलतं. सुई कापडातून बाहेर पडली की दातेरी पातं पुढं येऊन कापड सुईखाली ढकलतं, सुई खाली येऊन ती चुणी टाक्यात पकडते आणि मग पातं रिकामं मागं जातं. रफलरला वेगळी मोटर नाही, वेगळी वायर नाही, सुईचीच चाल उसनी घेतलेली.

आता मोजणी. रफलरवर १, ६, १२ असे आकडे आणि एक चांदणी असते. १ वर प्रत्येक टाक्याला चुणी, ६ वर सहाव्या, १२ वर बाराव्या टाक्याला, चांदणीवर चुणी बंद, साधी शिलाई. आत एक दातेरी चाक आहे, ते दर टाक्याला एक दात पुढं सरकतं आणि ठरलेला दात आला तेव्हाच हाताची ओढ पात्यापर्यंत पोचते, बाकीच्या वेळी हात नुसता हलत राहतो. म्हणजे किती टाके झाले ते हे चाक स्वतःच्या जागेत लक्षात ठेवतं.

चुण्या पडणारं कापड दोन निळ्या पात्यांच्या मध्ये, आणि ज्याला झालर लावायची ते कापड दोन्हीच्या खाली, हे उलट केलंत तर चुण्या भलत्याच कापडाला पडतात. ती पाती निळी आहेत म्हणून सॅंडपेपरनं घासू नका. तो रंग लावलेला नाही, पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्यावर आलेला ऑक्साइडचा पातळ थर आहे, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात तसाच प्रकाशाचा खेळ, आणि त्याच तापवण्यानं पात्यात स्प्रिंगसारखी लवचीकता येते. गंज असेल तर रॉकेलमध्ये भिजवून फडक्यानं पुसा, सांध्यांवर मशीन तेलाचा एकेक थेंब. पहिल्यांदा चाक हातानंच फिरवा, पातं सुईला लागत असेल तर पायानं चालवताना सुई मोडून डोळ्याकडं उडू शकते.

कापडाचा हिशेब असा, इंचाला १२ टाके आणि सेटिंग ६ असेल तर इंचाला २ चुण्या, दर चुणीत पाव इंच जादा कापड गेलं तर १ इंच झालरीला दीड इंच पट्टी लागते. गणपतीच्या मखराला ३ मीटर झालर हवी होती म्हणून मी साडेचार मीटर पट्टी कापली, आक्कानं पाय मारला, मी पट्टी सोडत बसलो आणि शेवटी वीतभर पट्टी उरली. मोजपट्टी धरून टाके मोजले तर इंचाला १० च पडत होते.