एएक्स२१० आणि एएक्स२११: आकड्यात एकाचा फरक, कार्डात अर्ध्याचा

वाय-फाय कार्ड बदलायचे ठरवले की शोधता शोधता बहुतेक जण इंटेलच्या एएक्स२१० पाशी येतात. तिथवर सगळे ठीक असते. मग शेजारीच एएक्स२११ दिसते. फोटो तसाच, आकार तोच, वेगाचा आकडाही तोच आणि बऱ्याचदा ते थोडे स्वस्त. मग सरळ हिशेब होतो की २११ म्हणजे २१० ची सुधारलेली आवृत्ती. कार्ड येते, स्लॉटमध्ये चपखल बसते, अँटेनाच्या वायरी लागतात, स्क्रू आवळला जातो. संगणक सुरू होतो आणि वाय-फायचा मागमूस नसतो. पुढचे दोन दिवस ड्रायव्हर धुंडाळण्यात जातात.

हा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की आता तो मुळापासून उलगडून लिहायलाच हवा. या प्रकारात ड्रायव्हरची काहीही चूक नसते. दोन्ही कार्डांना इंटेलचे एकच ड्रायव्हर पॅकेज चालते. चूक असते ती त्या शेवटच्या आकड्याचा अर्थ लावण्यात. २११ मधला एक हा पुढच्या पिढीचा आकडा नाही. तो वेगळ्या रचनेची खूण आहे.

एएक्स२१० तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात. २०२० च्या शेवटी आलेले वाय-फाय ६ई कार्ड. २२ बाय ३० मिलिमीटर आकाराचे, म्हणजे एम.२ (मदरबोर्डवरच्या छोट्या कार्डांच्या स्लॉटचा प्रकार) च्या भाषेत २२३०. दोन अँटेना, १६० मेगाहर्ट्झपर्यंतचे चॅनल, कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला २.४ गिगाबिट. आधीच्या एएक्स२०० ला जो जमत नव्हता तो ६ गिगाहर्ट्झचा पट्टा यात आला. वाय-फायचा डेटा पीसीआय एक्सप्रेसवरून (संगणकाच्या आतल्या कार्डांना जोडणाऱ्या वेगवान वाटेवरून) जातो, ब्लूटूथचा यूएसबीवरून. एवढे पुरे.

आता २११. वाय-फाय कार्डात ढोबळमानाने दोन कामे चालतात. एक रेडिओचे: अँटेनातून आलेल्या लहरी पकडणे, वाढवणे आणि बाहेर जाणाऱ्या लहरी सोडणे. दुसरे हिशेबाचे: त्या लहरींतून बिट काढणे, पाकिटे जुळवणे, कोणी कधी बोलायचे हे ठरवणे. या दुसऱ्या भागाला बेसबँड आणि मॅक म्हणतात. एएक्स२१० च्या इवल्याशा पट्टीवर ही दोन्ही कामे होतात. एएक्स२११ वर फक्त पहिले होते. दुसऱ्या कामाचे सर्किट इंटेलने कार्डावरून काढून स्वतःच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरच्या, प्रोसेसरच्या मदतनीस चिपमध्ये) किंवा प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये ठेवले आहे. या रचनेचे नाव सीएनव्हीआय. म्हणून २११ ला ‘वाय-फाय कार्ड’ म्हणणेच मला खटकते. ते रेडिओचे मॉड्यूल आहे, आणि इंटेलच्या कागदपत्रांतही अशा मॉड्यूलला जोडीदार आरएफ मॉड्यूल असाच शब्द आहे. विक्रीच्या पानांवर मात्र हा शब्द क्वचितच येतो, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. जात्याची नुसती वरची तळी विकायची आणि वर पाटी ‘जाते’ अशी लावायची, तसा हा प्रकार. खालची तळी तुमच्याकडे असेल तर दळण होईल, नसेल तर तो नुसता दगड.

एवढे लक्षात आले की पुढच्या गोष्टी आपोआप सुटतात. एएमडीच्या संगणकात एएक्स२११ का चालत नाही? कारण एएमडीच्या चिपसेटमध्ये इंटेलचा तो हिशेबी भाग नाही, असण्याचे कारणही नाही. बायोस (संगणक सुरू करणारा मूळचा प्रोग्राम) अपडेट करून तो उगवणार नाही. जुन्या इंटेल संगणकात का चालत नाही? त्याच कारणाने. डेस्कटॉप चिपसेटपुरते बोलायचे तर सीएनव्हीआय ३०० मालिकेपासून आले, आणि त्या मालिकेतही झेड३७० मध्ये ते नाही, झेड३९० मध्ये आहे. म्हणजे ‘माझा प्रोसेसर इंटेलचा आहे’ एवढे म्हणणे पुरत नाही.

शिवाय त्या दोन अर्ध्यांची पिढीही जुळावी लागते. इंटेल प्रोसेसरच्या आठव्या-नवव्या पिढीच्या संगणकांसाठी ९५६० हे मॉड्यूल, दहाव्या पिढीपासून एएक्स२०१, आणि एएक्स२११ मुख्यतः बाराव्या पिढीपासून पुढे, अकराव्या पिढीच्या काही लॅपटॉपमध्येही. दहाव्या पिढीच्या लॅपटॉपमधले २०१ काढून तिथे २११ बसवायचे हा बेत वरवर फार सोपा वाटतो आणि त्यातच लोक फसतात. स्लॉट सीएनव्हीआयचा आहे म्हणून कुठलेही सीएनव्हीआय मॉड्यूल चालेल असे नाही.

आणखी एक सापळा आहे, तो मला सर्वांत वाईट वाटतो, कारण त्यात माहिती काढून आलेला माणूसही सापडतो. डेस्कटॉपमध्ये वाय-फायचा एम.२ स्लॉट नसला तर पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारे वाहक कार्ड मिळते. त्यावर एम.२ चे कार्ड लावायचे, मागे अँटेना फिरवायच्या, काम झाले. आता समजा संगणक बाराव्या पिढीचा आहे, चिपसेट योग्य आहे, सीएनव्हीआयची सोयही आहे. तरीही या वाहक कार्डावर एएक्स२११ चालणार नाही. वाहक कार्ड पीसीआय एक्सप्रेसचे सिग्नल पुढे नेते आणि २११ ला ते बोलताच येत नाहीत. त्याला चिपसेटपासून थेट आलेल्या वेगळ्या तारा लागतात, आणि त्या मदरबोर्डवरच्या त्या एका वाय-फाय स्लॉटपर्यंतच आलेल्या असतात. २११ साठी बाजारातला कुठलाही अडॅप्टर उपयोगाचा नाही.

मग हे दोन्ही प्रकार एकाच स्लॉटमध्ये बसतातच कसे? वाय-फायसाठीचा एम.२ स्लॉट ई-की प्रकारचा असतो. त्याच्या पिनांपैकी काहींवर पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी असते, आणि इंटेलने त्याच कनेक्टरवरच्या इतर पिनांवरून सीएनव्हीआयचे सिग्नल नेले. त्यामुळे प्लॅस्टिकचा साचा तोच राहिला. स्लॉटमध्ये बसले म्हणजे जुळले, ही आपली सवयीची समजूत इथे कामी येत नाही. नजरेने ओळखायची एक अर्धवट खूण आहे: २१० च्या कडेला बहुधा दोन खाचा असतात, ए आणि ई दोन्ही स्लॉटसाठी, तर सीएनव्हीआय मॉड्यूलना बहुधा ई-कीची एकच. पण फोटोवरून खाचा मोजत बसू नका. नाव वाचा.

नावांचा नियम असा. एएक्स२००, एएक्स२१०, बीई२००: शेवटी शून्य, म्हणजे पूर्ण कार्ड. एएक्स२०१, एएक्स२११, एएक्स४११, बीई२०१: शेवटी एक, म्हणजे अर्धे. एएक्स१०१ आणि एएक्स२०३ हीसुद्धा अर्धीच, म्हणजे शून्य नसेल तर आधी थांबून तपासायचे. त्याआधीची जोडी मात्र नियमात बसत नाही: ९२६० पूर्ण आणि ९५६० अर्धे, दोन्हींच्या शेवटी शून्य. किलर नावाने विकल्या जाणाऱ्या कार्डांत आकड्यापुढचे अक्षर बघायचे. १६७५एक्स म्हणजे आतून २१०, १६७५आय म्हणजे आतून २११. नावाच्या शेवटी एनजीडब्ल्यू असेल तर ते काढता-घालता येणारे २२३० कार्ड, डी२डब्ल्यू असेल तर मदरबोर्डवर डाखलेले. ते विकत घेऊन तुम्ही काहीही करू शकणार नाही. व्हीप्रो (कंपन्यांना त्यांचे संगणक दुरून सांभाळता यावेत म्हणून इंटेलने दिलेली सोय) आहे की नाही, या प्रश्नावर घरगुती वापरात एक मिनिटही घालवू नये.

आता सध्या आत काय आहे ते कसे कळणार? लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की यादी येते. त्यात वाय-फाय ००:१४.३ या पत्त्यावर दिसत असेल तर तुमच्याकडे सीएनव्हीआय आहे, कारण तो पत्ता चिपसेटच्या आतला आहे. पूर्ण कार्ड असेल तर सुरुवातीला शून्याऐवजी दुसऱ्या बसचा आकडा येतो. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरचे नाव बहुधा पुरते. खोलात जायचे असेल तर हार्डवेअर आयडी पाहा. एएक्स२१० कुठल्याही संगणकात लावा, त्याचा उपकरण क्रमांक २७२५ च येतो, एएक्स२०० चा २७२३. २०१ आणि २११ चा क्रमांक मात्र चिपसेटप्रमाणे बदलतो. संगणकाच्या दृष्टीने ते उपकरण चिपसेटमध्येच राहते, कार्डावर नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

मग घ्यायचे कोणते? माझे मत ठाम आहे. वेगळे कार्ड विकत घेत असाल तर शून्यवाले घ्या. २११ मुळे वेग वाढत नाही, पल्लाही वाढत नाही. सीएनव्हीआयचा फायदा संगणक बनवणाऱ्याला होतो, त्याचा सुट्या भागांचा खर्च वाचतो. २१० उद्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये, एएमडीच्या मदरबोर्डवर किंवा वाहक कार्डावर लावता येते. २११ मला फक्त दोनच प्रसंगी पटते: मूळचे २११ खराब झाले आहे आणि त्या जागी तेच लावायचे आहे, किंवा मदरबोर्डच्या पुस्तिकेत तो स्लॉट फक्त सीएनव्हीआयसाठी आहे असे स्पष्ट लिहिले आहे. हो, असेही स्लॉट असतात, ज्यांत पीसीआय एक्सप्रेसच्या तारा जोडलेल्याच नसतात आणि तिथे उलट २१० मुके राहते. म्हणून पुस्तिकेतले ते एक वाक्य विकत घेण्याआधी वाचायचे. बहुतेक मदरबोर्डांवर दोन्ही प्रकार चालतात, पण ‘बहुतेक’ वर भरवसा ठेवू नये.

एएमडीवाल्यांसाठी एक सूचना. बीई२०० हे वाय-फाय ७ चे कार्ड शून्यवाले असूनही एएमडीच्या अनेक मदरबोर्डांवर चालत नाही. तिथे शेवटच्या आकड्याचा नियम लावून निर्धास्त होऊ नका. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये आरझेड६०८ किंवा आरझेड६१६ दिसले तर ती मीडियाटेकची कार्डे आहेत, साधी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी, त्यांच्या जागी २१० सहसा विनातक्रार बसते.

यूएसबीचे अडॅप्टर की आतले कार्ड, हा वादही वारंवार येतो, पण त्यात गोंधळण्यासारखे फारसे काही नाही. यूएसबीचे लावायला सोपे, आतले टिकायला आणि पल्ल्याला चांगले. आत जागा असेल तर मी यूएसबीचे घेणार नाही. घ्यायचेच असेल तर एसी१२०० सारख्या नावातला आकडा दोन पट्ट्यांच्या वेगांची बेरीज आहे, ३०० अधिक ८६७, हे ध्यानात ठेवा. तो वेग एका जोडणीला कधीच मिळत नाही. आणि ते यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावू नका, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो.

बसवताना पहिली गोष्ट म्हणजे ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवणे. जुने कार्ड काढले की इंटरनेट गेले, आणि नव्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर, ही अडचण टाळण्यासारखी आहे. संगणक पूर्ण बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉपची बॅटरी मदरबोर्डपासून सोडवा. अँटेनाच्या वायरींची टोके फार नाजूक असतात. ती तिरपी ओढायची नाहीत, सरळ वर उचलायची. बसवताना बोटाने नेमके मध्यभागी आणून टक असा हलका आवाज येईपर्यंत सरळ खाली दाबायचे. आवाज न येता जोर लावावा लागत असेल तर टोक मध्यावर नाही. ही टोके मोजक्याच वेळा काढण्या-घालण्यासाठी बनवलेली असतात, म्हणून आधी सगळे जमते का ते तपासून मगच हात लावावा. डेस्कटॉपमध्ये अँटेना न लावता ‘सिग्नल कमकुवत आहे’ म्हणणारेही मी पाहिले आहेत. धातूच्या पेटीच्या आत बसलेल्या कार्डाला बाहेरच्या अँटेनाशिवाय ऐकू येत नाही.

काही जुन्या लॅपटॉपांत, उदाहरणार्थ जुन्या थिंकपॅडमध्ये, बायोस फक्त यादीतलीच कार्डे स्वीकारतो. नवे कार्ड दिसले की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून तो तिथेच थांबतो. ही अडवणूक वेगळी आणि सीएनव्हीआयची वेगळी. पहिलीत संगणक कार्ड ओळखतो आणि नाकारतो. दुसरीत त्याला सहसा कार्ड दिसतच नाही.

६ गिगाहर्ट्झ हवे असेल तर विंडोज ११ लागते, विंडोज १० वर ते मिळत नाही. लिनक्सवर २१० साठी कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१० किंवा पुढचे, २११ साठी ५.१४ किंवा पुढचे. राउटरही ६ईचा हवा आणि त्या देशाच्या नियमांनी तो पट्टा खुला केलेला हवा.

शेवटी वाहक कार्डावर २१० बसवले, वाय-फाय झकास सुरू झाले आणि ब्लूटूथ मात्र सापडत नाही, असे झाले तर २१० खराब आहे म्हणून परत पाठवू नका. ब्लूटूथ यूएसबीवरून जाते हे वर सांगितलेच. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून यूएसबी येत नाही. त्या कार्डासोबत एक छोटी केबल येते, ती मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ हेडरला जोडायची असते. बहुतेकांची ती केबल खोक्यातच राहिलेली असते.